रद्दबातल कायद्याचे धनी

महाराष्ट्र विधिमंडळाने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी एकमताने संमत केलेला मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी घटनाबाह्य ठरविला, आणि एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला व निवडयादीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारा, परंतु नियुक्तीचा हुकूम हाती न पडलेला पक्षकार नांदेड-लातूरच्या कितीक वकिलांसमोर येऊन बसला. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्यावर दावा लावता येत नाही काय, असे तो विचारी.

येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९४(२) ने सभागृहातील मतास न्यायालयीन कार्यवाहीपासून अभय दिले आहे. सीता सोरेन प्रकरणाच्या २०२४ च्या निकालाने लाचखोरास त्या अभयाबाहेर काढले, चुकलेल्या मतास नव्हे. आमच्या मते हे अभय राहिलेच पाहिजे. ज्या कायद्यास मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये, टक्केवारी घटवून का होईना, वैध मानले, त्यास मत देणाऱ्या आमदारास अपराधी कोण म्हणेल? बिहारचा जमीनसुधारणा कायदा १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा त्याच्या कर्त्यांना दंड झाला असता, तर जमीनदारीस हात घालण्यास पुढे कोण धजले असते? (हैदराबाद कूळ कायद्याच्या दाव्यांवर ज्यांची वकिली पोसली गेली, त्या मराठवाड्याच्या बारला हे सांगणे नलगे.)

परंतु शंकास्थळी केलेले धाडस निराळे आणि निकाल समोर असता केलेली आगळीक निराळी. डान्सबार बंदीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये रद्दबातल ठरविल्यावर, जवळजवळ तेच कलम विधिमंडळाने जून २०१४ मध्ये चर्चेवाचून पुन्हा संमत केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यासही स्थगिती मिळाली. एखाद्या पक्षकाराने मनाईहुकूम असा धाब्यावर बसविला असता, तर त्याला अवमानाची नोटीस चुकली नसती.

खर्चाच्या विधेयकास वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. त्याच धर्तीवर प्रत्येक विधेयकास घटनात्मक वैधतेचे ज्ञापन, प्रतिकूल निकालांच्या उल्लेखासह, जोडावे, अनुच्छेद १७७ ने सभागृहात बोलण्याचा अधिकार दिलेल्या महाधिवक्त्यास पाचारण करावे, आणि आवाजी मतदानाऐवजी नावनिशीवार मतविभाजन घ्यावे, म्हणजे कोणी काय जाणून मत दिले याची नोंद मतदारास पाहता येईल. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या वकील संघांनी या आशयाचा ठराव करून तो आपल्या पंधरा आमदारांस पोचता करावा, अशी विनंती आहे. येतील ती उत्तरे आम्ही छापू.