सोडलेले पदार्थ पानात परत घ्या

लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ज्यांना संडास कुठल्या बाजूला आहे हे पाहून ठेवावं लागतं, एसटीचा लांबचा प्रवास असला की जे आदल्या रात्रीपासूनच जेवत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. डॉक्टरांनी तुम्हाला ‘आयबीएस’ सांगितलेला असतो. मग डाळ सुटते, दूध सुटतं, कुणी सांगितलं म्हणून गहू सुटतो, कुणाच्या मावशीला बाधलं म्हणून वांगंही जातं. पानात मऊ भात, ताक आणि दुधी एवढंच उरतं आणि पोट मात्र होतं तिथेच असतं. माझं सांगणं एवढंच, की सोडायचं ते थोड्या दिवसांसाठी आणि नेम धरून सोडा, आणि जे बाधत नाही ते परत खायला लागा.

त्याआधी, दुखणं आयबीएसच आहे ना, याची खात्री करून घ्या. पोटात वरचेवर दुखतं, म्हणजे गेले तीन महिने आठवड्यातून निदान एखादा दिवस तरी. ते दुखणं शौचाशी जोडलेलं असतं, शौचाच्या वेळा बदलतात, कधी पातळ तर कधी खड्यासारखं होतं. आतड्याला जखम नसते, सूज नसते. आतड्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात आणि मेंदू व आतडं यांच्यातली देवाणघेवाण बिघडलेली असते. म्हणून एरवी कळणारही नाही एवढ्या वायूने कळ येते, आणि परीक्षेच्या दिवशी नेमकी घाईची लागते. काही जणांना हे जुलाब-उलटीच्या एखाद्या जोरदार दुखण्यानंतर मागे लागतं.

आपल्याकडे मात्र हेच दुखणं वर्षानुवर्षं ‘जुनाट आव’ किंवा ‘कोलायटिस’ या नावाने चालतं, आणि दर वेळी त्याच अँटिबायोटिकचा कोर्स होतो. तपासणीत अमिबा सापडला नसेल तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर पथ्य बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. आतड्याचा क्षयही आपल्याकडे आहे, हे विसरून चालणार नाही. आणखी एक, गहू सोडायच्या आधी सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती तपासणी फसवी निघू शकते.

आता जेवणाकडे. पहिली पायरी अगदी साधी आहे आणि म्हणूनच कुणी ती मनावर घेत नाही. जेवणाच्या वेळा ठरवा, थोडं थोडं खा, सावकाश चावून खा, तळलेलं कमी करा, चहा-कॉफी तीन कपांवर नेऊ नका, फसफसणारी पेयं सोडा. स्वीडनमध्ये २०१५ साली ७५ रुग्णांवर एक तुलना झाली. एका गटाला असा साधा सल्ला दिला, दुसऱ्याला पुढे सांगणार आहे ते कडक पथ्य. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांना बरं वाटलं होतं. तेव्हा आधी महिनाभर एवढंच करून पाहा.

बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल घ्या, कोंडा नको. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलाने फायदा झाला, गव्हाच्या कोंड्याने मात्र बऱ्याच जणांचा त्रास वाढला. ‘फायबर खा’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. चमचाभरापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा आणि सोबत भरपूर पाणी प्या.

एवढ्याने भागलं नाही तर पुढचं पथ्य. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी काही साखरांच्या गटाला २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ असं नाव दिलं. या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या तावडीत सापडून आंबतात. त्यातून वायू होतो. गहू, कांदा आणि लसणात फ्रुक्टन, राजमा, छोले, चवळीत दुसरी एक साखर, दुधात लॅक्टोज, आंबा, सफरचंद आणि मधात जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल. मधुमेहींच्या ‘शुगर-फ्री’ मिठायांतले सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉलही याच वर्गातले. ‘मी साखर खातच नाही, तरी पोट का बिघडतं’ असं म्हणणाऱ्यांनी त्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचावीत.

हे सगळं ऐकून मराठी गृहिणी म्हणेल, कांदा-लसूण नाही तर स्वयंपाक करायचा कशाचा? पण चातुर्मास पाळणाऱ्या घरांत त्याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या तयार आहे. कांदेनवमीला कांदाभजी खाऊन झाली की पुढचे चार महिने खोबरं, जिरं, आलं, कढीपत्ता यांच्यावर स्वयंपाक चालतो आणि कुणाचं अडत नाही. ती पाककृती आजीकडून मागून घ्या. भात, ज्वारीची भाकरी, नाचणी, बटाटा, गाजर, काकडी, पपई, संत्रं, अंडी, मासे हे या पथ्यात बसतं. मुगाचं पातळ वरण थोडं चालतं. कडधान्य भिजवून ते पाणी ओतून दिलं की त्रास देणारी साखर थोडी कमी होते. लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, त्यामुळे फोडणीला चव राहते. पाकळ्या पाणी घालण्याआधी निघाल्या पाहिजेत, एवढं पाहा. कांद्याऐवजी पातीची फक्त हिरवी पानं घाला. हिंगाच्या डबीवरचे घटक जरूर वाचा, बऱ्याच बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं.

हे पथ्य दोन ते सहा आठवडे, त्यापुढे नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. बरं वाटलं म्हणून ते तसंच वर्षभर चालू ठेवतात, किंवा बरं वाटलं नाही म्हणून आणखी चार पदार्थ सोडतात. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर तुमचा त्रास या साखरांचा नाही. सगळं परत खायला लागा आणि डॉक्टरांशी दुसऱ्या उपायांबद्दल बोला. फरक पडला असेल तर एकेक पदार्थाची परीक्षा घ्या. बाकी पथ्य चालू ठेवून पहिल्या दिवशी एक चपाती, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी नेहमीइतक्या. मग दोन-तीन दिवस थांबून दूध. मग कांदा, मग वेगळा लसूण, मग छोले, आणि आंब्याची परीक्षा मे महिन्यात. वहीत लिहून ठेवा. बहुतेकांना एक-दोन गटच बाधतात, तेही ठरावीक मापापलीकडे. कुणाला चपाती चालते पण चपाती, कांद्याची भाजी आणि वर आमरस असं एकत्र आलं की पोट फुगतं. तिथे दोष एका पदार्थाचा नसतो, बेरजेचा असतो. दूध बाधणाऱ्यालाही चहातलं दूध बहुधा चालतं, चक्का टांगल्यावर पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं, त्यामुळे बेताचं श्रीखंडही चालावं.

लहान मुलं, गरोदर बाया, आधीच अंगाने खालावलेले लोक आणि इन्सुलिनवर असलेले मधुमेही यांनी मात्र आहारतज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊ नये.

परत खायला लागण्याचं दुसरं कारण प्रोबायोटिकशी, म्हणजे पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या उपयोगी जिवाणूंशी, जोडलेलं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासात असं दिसलं, की या पथ्यावर आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात. बरोबरच आहे, कांदा-लसूण-कडधान्यांतल्या साखरांवरच ते जगतात. एका हाताने त्यांचा शिधा बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने महागड्या कॅप्सूल गिळायच्या, असा हा व्यवहार होतो.

प्रोबायोटिकबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये आयबीएससाठी ती घेऊ नयेत असं सुचवलं. ब्रिटनमधल्या संघटनेने त्याच वर्षी म्हटलं, की काहींना उपयोग होऊ शकतो, हवं तर बारा आठवड्यांपर्यंत घेऊन पाहा, नाही तर बंद करा, मात्र अमुकच जिवाणू घ्या असं सांगता येत नाही. मला हा दुसरा सल्ला व्यवहाराचा वाटतो. घरचं दही-ताक पचत असेल तर खुशाल खा, ते चांगलं अन्न आहे. पण त्यात कुठले जिवाणू किती आहेत हे घरागणिक बदलतं, त्यामुळे त्याला औषध समजू नका. कॅप्सूल घ्यायची तर जिवाणूचं पूर्ण नाव, त्याच्या वाणाचा क्रमांक आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते पाकिटावर छापलेलं आहे का, हे पाहा. कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एका वेळी एकच घ्या, आणि त्याच काळात नवं पथ्य सुरू करू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. सुरू केल्याची तारीख पाकिटावर पेनाने लिहा. बारा आठवड्यांनी वहीत फरक दिसत नसेल, तर ते पैसे फळांवर आणि भाजीवर खर्च करा.