आधी वालधुनी

2025चा आढावा दोन वाक्यांत उरकतो. जुलैत शिवरायांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, मराठीला अभिजात दर्जा मिळून वर्ष झालं. दोन्हींचा आनंद मोठा. तरी वर्षभर सलत राहिली ती वालधुनी नदी, आणि म्हणून आमच्या यंदाच्या अंकाचा विषयही ‘नदीकाठ’.

तिच्या काठावरचं अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं, शके 982 म्हणजे इ.स. 1060चं. त्याच्या भोवती सध्या शंभर कोटींहून अधिक खर्चाचं सुशोभीकरण चाललंय. तिथल्या कला महोत्सवात नामवंत गायक-वादक येतात; उल्हासनगर, विठ्ठलवाडी, बदलापूरचे रसिक गर्दी करतात. हे हवंच. कलेने गावाचे दिवस पालटतात, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण घाट बांधायचे ते कुठल्या पाण्याला? काकोळ्याच्या बाजूने येणारी वालधुनी मंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला जाते. वाटेत तिच्यात कारखान्यांची रसायनं पडली, जीन्स धुतल्याचं निळं पाणी पडलं, घराघरांतलं सांडपाणी तर रोजचंच. नोव्हेंबर 2014मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो माणसांना त्यातून निघालेल्या वायूने इस्पितळात पोचवलं. त्या काठावर आपण आता रोषणाई करणार.

अशा योजनांच्या चर्चेत स्पेनमधल्या बिल्बाओचा दाखला हमखास येतो. 1997मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि उतरती कळा लागलेलं ते कारखान्यांचं शहर पर्यटकांनी गजबजलं. त्याच्या कितीतरी आधी त्या शहराने नेर्वियोन नदीत जाणारं सांडपाणी अडवायला घेतलं होतं, आणि त्यावर संग्रहालयाच्या कित्येक पट पैसा खर्च केला, एवढं मात्र कुणी सांगत नाही. आपल्याला संग्रहालय दिसतं, जमिनीखालची गटारं दिसत नाहीत.

दुसरंही एक. संस्कृती बाहेरून आणून बसवावी लागते, असं आपल्या कारभाऱ्यांना का वाटतं? बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयाने दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिकं जमवली, ती कुठल्याही सुशोभीकरणाची वाट न पाहता. फाळणीनंतर छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपली गाणी, आपले सण उल्हासनगरात टिकवले. महोत्सवाच्या मंचावर पहिला मान या माणसांचा.

मत मागायला दारात येईल त्याला, वाचकहो, एवढंच विचारा: वालधुनीत पडणारे नाले कधी बंद करणार? तारीख लिहून घ्या.