रत्नाचे मोल आणि श्रमाचा भाव

वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे बहमनी राजवटीतील मोठे बंदर होते. होर्मुझ आणि एडनकडील जहाजे तेथे नांगरत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. ज्या इराणी आखाताशी दाभोळचा असा व्यवहार होता, त्याच आखाताने पुढे मराठी घरांतील नथीला मोती पुरविला. आपण त्यास बसऱ्याचा मोती म्हणतो. वस्तुतः तो मुख्यतः बहारीनच्या आसपासच्या समुद्रतळावर सापडे.

त्याचे मोल कशाने ठरे? सराफ तेज, गोलाई आणि वजन सांगेल. ते खोटे नाही. पण त्यातून दोन मोत्यांतील फरक कळतो, मोत्याला मुळात भाव का, हे कळत नाही. पाण्यावाचून प्राण जातो तरी ते स्वस्त, आणि निरुपयोगी हिरा मात्र महाग, हा पेच अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडला होता. दुर्मिळता हे त्याचे एक उत्तर, श्रम हे दुसरे. अत्यल्प श्रमात कोळशाचा हिरा करता आला तर त्याचे मूल्य विटेच्याही खाली जाईल, असे मार्क्सने १८६७ मध्ये लिहून ठेवले.

आखातात हे श्रम पाणबुड्याचे होते. पायाला वजन बांधून, श्वास कोंडून तो तळाशी जाई. हंगामापूर्वी नाखुदाकडून घेतलेली उचल क्वचितच फिटे. (आपला नाखवा आणि तो नाखुदा मूळ एकाच फारसी शब्दाचे.) मोत्यांची प्रतवारी मुंबईत होई आणि तेथून ते युरोपच्या बाजारात जात. पुढे जपानमध्ये मिकिमोटोने केलेल्या प्रयत्नांतून संवर्धित मोती निपजला. १९२० नंतर तो बाजारात पसरला, १९२९ ची मंदी आली आणि आखाताचा धंदा कोसळला. व्यापाऱ्याला दुसरा माल धरता आला. पाणबुड्याला दुसरा समुद्र नव्हता. बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागले म्हणून पुष्कळांना निदान दुसरे काम मिळाले.

दुर्मिळता निसर्ग देतो, तशी मक्तेदारीही घडविते. दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या विपुल खाणी निघाल्यावर भाव पडू नये म्हणून १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्सने माल अडवून धरला. हिरा चिरंतन असतो हा जाहिरातीचा घोष १९४७ मध्ये शोधण्यात आला. आज मार्क्सची अट बऱ्याच अंशी पुरी होत आहे. प्रयोगशाळेतील हिराही शुद्ध कार्बनच. नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. डी बिअर्सनेच २०१८ मध्ये तो कॅरटला ८०० डॉलरने विकावयास काढला. भाव इतके घसरले की २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याची घोषणा करावी लागली. आपल्या सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजावरील आयातशुल्क काढले. उद्योजकाची तरतूद झाली. कामगाराची कोणी केली?

जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत कामगाराला ‘रत्नकलाकार’ म्हणतात. पदवी मोठी, पण मजुरी नगावर, आणि पुष्कळांना भविष्यनिर्वाह निधीही नाही. मंदीत सुट्टी लांबते, चूल थंडावते. भाव चढला तर नफा मालकाचा, उतरला तर उपास मजुराचा, हाच या बाजाराचा न्याय.

तेव्हा रत्नाच्या किमतीत श्रम, दुर्मिळता आणि निर्माण केलेली हौस असे तीन घटक असतात. श्रमिकाच्या हाती यांपैकी पहिलाच आहे, आणि त्याचाही भाव ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. तंत्रविद्येला विरोध करून हे पालटणार नाही. बारमाही किमान वेतन, निधी, विमा आणि बेकारीच्या काळातील भत्ता या मागण्या संघटित शक्तीनेच पदरात पडतील. कोकणच्या बंदरांत मासळीसाठी दलालाची उचल घेणाऱ्या खलाशाचा प्रश्नही याहून निराळा नाही. कार्यकर्त्यांनी तेथून आरंभ करावा.