टाकीच्या तळाशी

मराठीचा शिक्षक निवृत्त झाला तरी त्याचं एक काम काही सुटत नाही. अर्ज लिहून देण्याचं. रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंत सगळ्या तक्रारी आमच्याकडे येतात. "सर, तुमची भाषा चांगली आहे, जरा कडक लिहून द्या," असं म्हणत माणसं कोरा कागद पुढे करतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर असाच एक जुना विद्यार्थी आला. मुरबे ते तारापूर या पट्ट्यातला, स्वतःची बोट असलेला. पहिल्याच फेरीला किनाऱ्यापासून बराच आत गेल्यावर त्याचं इंजिन खोकायला लागलं आणि बंद पडलं. फिल्टर बदलला, एअर काढली, अर्धा तास चाललं आणि पुन्हा बंद. शेवटी दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणलं. त्याची फेरी गेली, आणि ओढून आणणाऱ्याचीही गेली. समुद्रावर अशा वेळी कोणी पैशांचा हिशोब करत नाही, पण नुकसान व्हायचं ते होतंच. मिस्त्रीने पंप आणि नोझल काढून बघितले तर आत गंज. टाकीत पाणी!

"सर, पंपवाल्याने पाणी मिसळलेलं डिझेल दिलं. त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायचाय."

मी चष्मा लावला, कागद घेतला, "महोदय" लिहिलं आणि थांबलो. त्याला विचारलं, "त्या दिवशी त्याच पंपावर आणखी कोणी भरलं होतं का?" म्हणाला, "हो, चार-पाच बोटी होत्या." "त्यांची इंजिनं?" "चालू आहेत." "तू घेतलेल्या डिझेलचा नमुना ठेवलायस?" "नाही." आता एवढ्यावर कडक भाषेत काय लिहिणार? म्हटलं, चल, आधी तुझी टाकी बघू.

टाकीच्या तळाचा नळ उघडून त्याने एका काचेच्या बरणीत नमुना घेतला. दहा मिनिटांत बरणीत तीन थर दिसायला लागले. वर सोनेरी डिझेल, खाली गढूळ पाणी आणि दोघांच्या मधे एक काळपट, बुळबुळीत साय. डिझेलची घनता साधारण ०.८२ ते ०.८५, पाण्याची १, समुद्राच्या पाण्याची त्याहून थोडी जास्त. म्हणून पाणी कधीही तळाशीच जाणार. आणि इंजिनाला जाणारी नळीही तळाजवळच असते. बोट किनाऱ्याला शांत उभी असताना काही कळत नाही. समुद्रावर हेलकावे सुरू झाले की तळाचा सगळा गाळ ढवळून वर येतो आणि नळीत शिरतो. म्हणून ही इंजिनं बंदरात बंद पडत नाहीत, नेमकी खोल पाण्यात पडतात.

मधली ती साय म्हणजे जिवंत वस्तू आहे, हे आमच्या मित्राला ठाऊक नव्हतं. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाण्यात राहायचं आणि डिझेल खायचं असा त्यांचा संसार. त्यांच्यापासून निघणारं आम्ल टाकीचा पत्रा खातं आणि त्यांचा चिकट चोथा फिल्टर बुजवतो. पाणी काढून टाकलं तर त्यांची वाढ थांबते. नुसतं फिल्टर बदलत राहिलं तर फक्त फिल्टर विकणाऱ्याचं भलं होतं.

आता प्रश्न असा की पाणी आलं कुठून? मी एक शाळेतला प्रयोग केला. बरणीतलं खालचं पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून गाळलं आणि चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवलं. संध्याकाळी ताटलीवर पांढरा खर उरला होता. मीठ!

पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं असतं तर ते गोडं असतं. हे पाणी खारं होतं. म्हणजे ते समुद्राचं होतं आणि बोटीवरच आत शिरलं होतं. शोधायला फार वेळ लागला नाही. टाकीचं झाकण डेकच्या पातळीला, आणि त्याचा रबरी वायसर कडक होऊन तडकलेला. रोज मासळी उतरवल्यावर डेक समुद्राच्या पाण्याने बादल्या ओतून धुतला जातो. शिवाय ज्या कॅनमधून डिझेल आणलं जातं ते कॅनही किनाऱ्यावर त्याच पाण्याने विसळले जातात. दोन्ही वाटा आपल्याच.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, वायसर वीस-पंचवीस रुपयांचा असेल." नोझल आणि पंपाच्या दुरुस्तीचा आकडा मी विचारला नाही.

"महोदय" लिहिलेला तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्या निमित्ताने जे सुचलं ते इथे मांडतो.

आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. काही गावं तर रूढीप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. बोटी ओढून वर घेतात, शाकारतात, जाळी दुरुस्त करतात, रंग काढतात. टाकीकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. उरलेलं डिझेल तसंच आत पडून राहतं. मग ऑगस्टमध्ये पाणी सापडलं की म्हणायचं, "टाकीला घाम आला." घाम येतो हे खरं, पण त्याचा हिशोब करून बघा. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम बाष्प असतं. टाकी ४०० लिटर रिकामी असेल तर त्या हवेत फार तर १२ ग्रॅम. ते सगळंच्या सगळं थेंब होऊन पडलं तरी एक मोठा चमचा भरेल न भरेल. दिवसरात्रीच्या तापमानाने थोडी हवा आतबाहेर होते आणि थोडी भर पडते, एवढंच. बुरशीला रुजायला तेवढं पुरतं, पण त्यातून बादली भरत नाही. बादलीभर पाणी निघालं तर ते झाकणातून, हवेच्या नळीतून नाहीतर पिंपातून आलेलं असतं.

पिंपाची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. २०० लिटरचं पिंप पावसात उभं ठेवलं की वरच्या कडेच्या आत पाणी साचतं. उन्हात आतली हवा फुगून बुचातून थोडी बाहेर जाते. पावसाची सर आली, पिंप गार झालं की आतली हवा आकसते आणि बुचावर साचलेलं पाणी हळूहळू आत ओढून घेते. बूच घट्ट आहे असं आपण समजत असतो. उपाय फुकटचा आहे. पिंप आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत राहतील असं. म्हणजे बुचांच्या आतल्या बाजूला डिझेल राहतं आणि बाहेर पाणी साचत नाही. तेही शक्यतो छपराखाली.

जाणकार सांगतात की बंदीच्या आधी टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे हवेला जागाच राहणार नाही. सल्ला बरोबर आहे, पण देणाऱ्याचा खिसा वेगळा असतो. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर ५०० लिटरचे ४५ हजार होतात. दोन महिने कमाई नसताना एवढे पैसे टाकीत घालून कोण बसेल? शिवाय चोरीची धास्ती. माझं म्हणणं असं की भरणं जमत नसेल तर मेच्या अखेरीला टाकी पूर्ण रिकामी करा, पुसून कोरडी करा, झाकण बंद करा. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी ठेवणं, आणि आपण नेमकं तेच करतो.

आणि हंगामात? भरल्यावर बोट रात्रभर उभी ठेवायची, पहाटे तळाचा नळ उघडून काचेच्या बाटलीत नमुना बघायचा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं. हवेच्या नळीचं तोंड खाली वळलेलं असावं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा आणि त्याची वाटी रोज रिकामी करावी. पाच मिनिटांचं काम आहे. खाडीतल्या छोट्या होड्यांना पेट्रोलवर चालणारी मशिनं असतात, त्यांना तर जास्तच जपायला हवं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, पण एका मर्यादेनंतर दोघं मिळून पेट्रोलची साथ सोडतात आणि तळाशी जाऊन बसतात.

पंपवाले सगळे साव आहेत असं मी म्हणत नाही. शंका आली तर भरण्याआधी घनता मोजून दाखवा असं सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. टाकीत पाणी आहे का हे बघायची रंग बदलणारी पेस्टही पंपावर असते. तिथल्या तिथे साक्षीदारासमोर नमुना घ्यावा. तसा नमुना घेऊन कोणी आला तर मी हवा तेवढा कडक अर्ज लिहून देईन.

शेवटचा मुद्दा थोडा बोचरा आहे. त्या दिवशी टाकीतून निघालेलं ते काळं पाणी त्याने बादलीत धरलं आणि मी काही म्हणायच्या आत खाडीत ओतलं. वर रंगीत तवंग पसरत गेला. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं, त्याविरुद्ध मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ते योग्यच केलं. कारखान्यांचं पाप आणि आपली एक बादली यांची बरोबरी होत नाही, हेही मला कळतं. पण दोन्ही जातं त्याच समुद्रात, जिथून आपलं पापलेट येतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं तेव्हा आपल्या किनाऱ्याला केवढा आनंद झाला होता! मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या पंपाशेजारी खराब डिझेलचं एक पिंप ठेवावं आणि ते परवानाधारक तेल गोळा करणाऱ्याला द्यावं. हा खर्च परवडणार नाही असं मला कोणी पटवून दिलं तर मी ऐकायला तयार आहे.

राहता राहिलो मी. भाषा शिकवायची असली तरी शिक्षक कमी म्हणून विज्ञानाचे तासही माझ्याकडे असायचे. बाटलीत पाणी आणि रॉकेल ओतून "कोण वर, कोण खाली?" हा प्रयोग मी किती वर्षं करून दाखवला असेल! वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी बोट होती. त्यांच्या वडिलांच्या टाकीतही हेच होतं, हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. परीक्षेत "घनता म्हणजे काय?" याचं उत्तर त्याने बरोबर लिहिलं असणार. मीच त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असणार.

तो अर्ज म्हणूनच पुरा केला नाही. केला असता तर खाली सही कोणाची करायची हा प्रश्न होताच.