जुना सांगाडा, नवी बैठक

रामलीला मैदानावर मांडव पडू लागले की हिंगोलीला सणांचे वेध लागतात. खाकीबाबा मठाशी जोडलेल्या इथल्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि रावणदहन पाहायला आजही जिल्हाभरातून माणसे लोटतात. सोयाबीनची रास घरी येण्याचे, बाजार समितीत आवक वाढण्याचे आणि शेतकऱ्याच्या हातात हंगामाचा पहिला रोख पैसा पडण्याचे दिवसही हेच. घरोघरी साफसफाई निघते. जळमटे काढता काढता नजर बैठकीच्या खोलीतल्या जुन्या सोफ्यावर जाते. कापड विटलेले असते, बसले की माणूस आत रुततो. ‘यंदा दिवाळीला नवा घेऊ, हा देऊन टाकू’ असे घरात ठरते आणि आजोबांनी सागवानात करून घेतलेली वस्तू जळणाच्या भावाने दाराबाहेर जाते.

हा निर्णय घेण्यापूर्वी सोफा एकदा उलटा करून पाहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वर दिसते ते कापड आणि आतला फोम. या दोन्ही गोष्टी झिजण्यासाठीच असतात, दहा-बारा वर्षांत त्यांचे आयुष्य संपणे स्वाभाविक आहे. खरी वस्तू खाली असते: चार पाय, आडव्या पट्ट्या, पाठीचा कणा, खाचेत घट्ट बसवलेले सांधे. तो सांगाडा शाबूत असेल तर सोफा जुना झालेला नाही, त्याची बैठक तेवढी जुनी झाली आहे. बैठक बदलता येते आणि ती बदलणारे हात आपल्याच जिल्ह्यात आहेत.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. कारागीर खुर्ची पालथी घालतो आणि तळाचे तरट उसवतो. मग चपट्या पटाशीने एकेक चूक उपटत जातो. जुने कापड तो फाडून फेकत नाही, जपून सोडवतो, कारण तेच नव्या कापडाचे माप असते. ते जमिनीवर पसरून त्याबरहुकूम नवे कापड बेततो. कापडाखाली दबून सपाट झालेला फोम निघतो, फार जुन्या खुर्चीत काथ्या आणि कापूस निघतो, त्याखाली सैल झालेल्या नवार पट्ट्या किंवा स्प्रिंगा. पट्ट्या नव्याने ताणून एकमेकींत विणायच्या, हलणारे सांधे सरस लावून आवळायचे, त्यावर नवा फोम आणि शेवटी कापड. कापड ओढण्यातच खरे कसब आहे. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक मारायची, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकायचे. ओढ कुठे कमी-जास्त झाली तर पट्ट्यापट्ट्यांचे कापड वाकडे दिसते आणि वर्षभरात सुरकुती धरते. कोपऱ्याची घडी कशी मोडली आहे, एवढे पाहिले तरी कारागिराचा हात कळतो.

आता बाजारात कमी किमतीला मिळणारे नवे फर्निचर पाहू. त्यातले बरेचसे लाकडाचा भुसा आणि चुरा रसायनाने चिकटवून दाबलेल्या फळ्यांचे असते. वरून लाकडाचा भास देणारा कागद किंवा पातळ थर चिकटवलेला असतो. या फळीचा पहिला शत्रू पाणी. पावसाळ्याची ओल लागली, रोजची फरशी पुसताना पाणी मुरले की फळी फुगते आणि एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. दुसरी अडचण स्क्रूची. त्याची पकड एकदा सुटली की त्याच भोकात तो पुन्हा धरत नाही. म्हणजे ही वस्तू मोडते तेव्हा दुरुस्तीची वाटच बंद झालेली असते. या फळ्यांत बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा वापरतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हे रसायन माणसात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या गटात घातले. घरातल्या फळीतून सुटणारे प्रमाण अल्प असते, चांगल्या दर्जाच्या फळ्यांत त्यावर मर्यादाही पाळलेली असते. तरी चाळीस वर्षे मुरलेल्या सागवानाच्या खुर्चीबाबत हा प्रश्नच उरत नाही, हेही खरे.

सागवानाचे मोल आपण विसरत चाललो आहोत. सागाचे झाड चांगल्या इमारती लाकडाला यायला ५० ते ८० वर्षे लागतात. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला सहजी तोंड लावत नाही. वाळल्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग हवेतून शोषलेल्या कार्बनचा असतो. ते लाकूड खुर्चीच्या रूपात घरात आहे तोवर तो कार्बन तिथेच राहतो, चुलीत गेले की पुन्हा हवेत जातो. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांतून आणि माळवदाच्या घरांतून निघालेल्या तुळया-खांबांची पुढे कपाटे, पलंग, दिवाण झाले. लाकूड टाकायचे नसते, त्याचा उपयोग बदलायचा असतो, ही समज आपल्याकडे पूर्वापार आहे. धोतर-लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या, अंबाडीच्या सुतळीची बाज सैल पडली की पुन्हा विणून घेणाऱ्या घरांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले. सुई-दोऱ्यावर पोट भरणाऱ्या शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संताच्या नावाने आपण दिंड्या काढतो. विरलेले सांधणे, उसवलेले शिवणे हा उद्योग या मातीत कधी कमी प्रतीचा मानला गेला नाही. मग आज जुन्या सोफ्याला नवे कापड लावून घेतले तर पाहुणे काय म्हणतील, या विचाराने आपण का संकोचावे? डागडुजीला कंजुषी समजण्याची ही सवय अलीकडची आहे. हप्त्यावर वस्तू देणाऱ्या दुकानांनी आणि जाहिरातींनी ती आपल्याला लावली. हंगामाचा पैसा हाती येण्याआधीच त्याचे हप्ते कापले गेलेली घरे जिल्ह्यात थोडी नाहीत. कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या भावाची शाश्वती नसलेल्या शेतकरी कुटुंबाने बसण्याच्या वस्तूसाठी कर्ज काढावे, हे आम्हाला पटत नाही.

खर्चाचे गणित मांडताना पैसा जातो कुठे हेही पाहिले पाहिजे. नवा सोफा घेतला की दुकानदाराचा नफा सोडला तर किमतीचा मोठा भाग जिल्ह्याबाहेरच्या कारखान्याला, वाहतुकीला आणि जाहिरातीला जातो. जुना सोफा नव्याने भरून घेतला की खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. ती मजुरी वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या किंवा हिंगोलीच्याच एखाद्या गल्लीतल्या कारागिराच्या घरात जाते आणि त्याच गावच्या किराणा दुकानात, त्याच गावच्या शाळेच्या फीमध्ये खर्च होते. कापड आणि फोमही गावातल्याच दुकानातून येतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा उद्योगांच्या बाबतीत अजून मागेच आहे. तरण्या पोरांना कामासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. अशा जिल्ह्याने हाताशी असलेला रोजगार आपणच बंद पाडू नये.

पिंजाऱ्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. थंडीच्या तोंडावर खांद्यावर धनुकली घेऊन पिंजारी गावोगाव फिरत. तातीचा टणत्कार ऐकू आला की बायका घरातल्या गाद्या अंगणात काढत. वर्षानुवर्षे दबून गोळे झालेला कापूस तो मोकळा करी, उन्हात तापवी, धनुकलीने पिंजून पुन्हा फुलवी, कमी पडेल तिथे मूठभर नवा कापूस घाली आणि तीच गादी टाके घालून परत देई. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात गादी ही कधी फेकण्याची वस्तू नव्हती. धनुकलीची जागा यंत्राने घेतली, हे काळाला धरून झाले. पण यंत्रावर कापूस पिंजून गादी भरून देणाऱ्यांकडेही आता गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आहे, कारण घराघरांत फोमच्या गाद्या आल्या. फोमची गादी बसली की ती पिंजून फुलवता येत नाही. खनिज तेलापासून बनलेला हा पदार्थ मातीत कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर सोडतो. कापूस पिकवणाऱ्यांनी खनिज तेलाच्या गादीवर झोपावे आणि कापूस पिंजणाऱ्याने धंदा बंद करावा, यात कोणाचे भले झाले?

टाकण्याची ही सवय शेवटी कुठे नेते, हे अमेरिकेकडे पाहून कळते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदीनुसार २०१८ या एका वर्षात १ कोटी २१ लाख टन फर्निचर आणि गृहसजावटीचे सामान कचऱ्यात गेले आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग जमिनीत पुरला गेला. एवढा कचरा पुरायला त्या देशाकडे जमीन तरी आहे. आपल्या नगरपालिकांना रोजचा ओला-सुका कचरा आवरताना दम लागतो. फाटका सोफा आणि फोमची गादी घंटागाडीत बसत नाही, ती गावाबाहेरच्या उकिरड्यावर किंवा नाल्याच्या काठावर जाऊन पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबवते.

अर्थात प्रत्येक जुनी वस्तू वाचवावी, असे आम्ही म्हणत नाही. सांगाडा भुंग्याने पोखरला असेल, वाळवी आतपर्यंत गेली असेल, ढेकणांनी घर केले असेल किंवा मूळ वस्तूच भुशाच्या फळीची असेल तर तिच्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. पारख सोपी आहे. सोफ्याचा एक कोपरा उचलून पाहा; दुसरा कोपरा लगेच सोबत उचलला गेला तर सांगाडा ताठ आहे, मधेच पिळवटला तर सांधे गेले आहेत. हात धरून बाजूला रेटून पाहा, करकर ऐकू येते का. खाली टॉर्च मारून लाकडाचा बारीक भुगा पडला आहे का, ते पाहा. दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच मजबूत नव्या वस्तूच्या निम्म्यात बसत असेल तर बेलाशक दुरुस्ती करावी. भारी कापडाच्या मोहाने हा खर्च नव्याच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून कापड आधी ठरवावे. पूर्ण गादीच्या पाच आसनी सोफ्याला ५४ इंच पन्ह्याचे साधारण १२ ते १५ मीटर कापड लागते, लाकडी हातांच्या सोफ्याला त्याहून बरेच कमी. बैठकीसाठी किमान ३२, शक्य तर ४० डेन्सिटीचा फोम मागावा आणि तोच घातला जातो आहे हे समोर उभे राहून पाहावे. कारागिराचा अंदाज कागदावर लिहून घ्यावा. दिवाळीच्या आठ दिवस आधी सगळ्यांनाच घाई असते, म्हणून काम दसऱ्यापूर्वी द्यावे. कारागिरांनीही दिलेला शब्द आणि दिलेली तारीख पाळली पाहिजे. गिऱ्हाईक नव्या वस्तूकडे वळण्याचे एक कारण चुकलेले वायदे हेही आहे.

या कामात शासनाचाही वाटा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, केंद्राने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रचना. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, शिंपी आहे. सोफा-खुर्च्या भरणारा आणि गादी भरणारा पिंजारी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ज्याच्या हाताला सुताराचे आणि शिंप्याचे असे दोन्ही कसब लागते, तो दोघांच्या मधल्या फटीत राहून गेला. ही फट बुजवण्याची मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत मांडली पाहिजे. ग्राहकांना दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने आहेत. फर्निचरचाही विचार तिथे व्हावा.

दिल्लीची वाट न पाहता करता येण्याजोगे कामही आहे. सरकारी कार्यालयांत, शाळांत मोडक्या खुर्च्या आणि बाके कोपऱ्यात रचून ठेवण्याची रीत महाराष्ट्रभर दिसते. जडसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते, निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, लिलाव होतो आणि नव्या खरेदीची निविदा निघते. निर्लेखनाच्या प्रस्तावाआधी दुरुस्तीचा अंदाज मागवणे जिल्हाधिकारी कार्यालयाने आणि जिल्हा परिषदेने बंधनकारक केले, तर सरकारी तिजोरीचे पैसे वाचतील आणि स्थानिक कारागिरांना बारमाही काम मिळेल. ते काम मिळाले तरच त्यांची मुले हे कसब शिकतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सोफा भरण्याचा अल्पमुदतीचा वर्ग घेऊन जुन्या जाणत्या कारागिरांना तिथे शिकवायला बोलावावे.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. रंधा, पटाशी, शिवणयंत्र, कात्री यांना त्या दिवशी हळद-कुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. पण अवजाराची खरी पूजा त्याला वर्षभर काम देण्याने होते. यंदा नव्या सोफ्याची पावती फाडण्यापूर्वी आपल्या गल्लीतल्या कारागिराला घरी बोलवा, सांगाडा तपासून घ्या आणि त्याच्याकडून खर्चाचा आकडा घ्या. सांगाडा शाबूत निघाला तर काम त्यालाच द्या.