‘भवन’ म्हणजे इमारत नव्हे

वसई पूर्वेच्या सातिवलीत ज्यांचे गाळे आहेत, त्यांना तुंगारेश्वरचा डोंगर नवा नाही. टेम्पोत माल चढवून होईपर्यंत मान वर केली, की तो समोर उभा असतो. पावसाळ्यात गर्द हिरवा आणि फाल्गुन-चैत्रात साग, ऐन, पळस यांची पाने झडल्यामुळे तपकिरी. २००३ साली या डोंगराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मात्र त्याच गाळ्याच्या मालकाचा चौथीतला मुलगा ‘पानझडी वृक्ष’ हा शब्द वहीत पाच वेळा लिहून पाठ करतो, आणि तो शब्द खिडकीबाहेर उभा आहे याचा त्याला पत्ता नसतो.

पाठांतराने परीक्षा निभावते, पण शब्द हाती लागत नाही. ‘बाष्पीभवन’ हा शब्द घ्यावा. व्यापारी कुटुंबातल्या मुलाला ‘भवन’ चांगलेच परिचयाचे असते. प्रवचनाला जातात ते भवन, बाहेरगावचे पाहुणे उतरतात ते भवन. तेव्हा बाष्पीभवन ही वाफेची एखादी इमारत असावी, असा तर्क त्याने केला तर त्यात त्याचा दोष कसला? त्याने शब्द फोडण्याचा प्रयत्न तरी केला. मोठी माणसे तेवढेही करीत नाहीत. ती उत्तर सांगतात आणि पुढचा प्रश्न घेतात.

संस्कृतात ‘भवन’ म्हणजे ‘होणे’ असाही अर्थ आहे, आणि या शब्दात तोच घ्यायचा. जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे, ते बाष्पीभवन. सांद्र म्हणजे दाट. विरळ वाफ दाट होऊन थेंब बनते, ते सांद्रीभवन. फुलातला पराग योग्य जागी पोचतो, ते परागीभवन. या ‘भवना’ला ‘करण’ नावाचा एक भाऊ आहे. ‘भवन’ आपोआप होते, ‘करण’ कोणीतरी करावे लागते. डबक्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन ऊन पडले की होते, पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण मात्र करावे लागते. दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण असते, नूतनीभवन नसते, हे तर मुलाच्या वडिलांना वेगळे सांगायला नको. एवढा एक सांधा उलगडला, की मुलाच्या हाती दहा-बारा शब्दांची किल्ली येते.

हा विषय आज घराघरांत येऊन पोचला आहे, त्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे आणि शिकणे सक्तीचे झाले. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि त्यावर मराठीचा तास, अशी कित्येक मुलांची स्थिती आहे. शिकवणी लावणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. शिकवणीत पुन्हा शब्दार्थांची यादी. म्हणजे पाठांतराचाच दुसरा हप्ता!

यापेक्षा बरी वाट याच पालघर जिल्ह्यात फार पूर्वी पाडली गेली आहे. डहाणू तालुक्यात बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले होते. गुजराती घरांत गिजुभाईंचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुढे १९५६-५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची साधने महागडी, शहरातल्या शाळांनाच परवडणारी. वारली वस्तीत ती कुठून आणायची? ताराबाई आणि अनुताई यांनी बिया, पाने, काड्या, शंखशिंपले अशी भोवताली मिळणारी साधने हाती घेतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मूल गुरे राखायला जात असेल तर शाळा कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. हे शब्दही पाहण्यासारखे आहेत. दोन साध्या, घरगुती शब्दांचा सांधा, आणि ऐकताच अर्थ कळतो. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. मानसन्मान मोठे खरेच, पण कुरणात जाऊन शाळा भरवणे ही त्याहून मोठी गोष्ट होती.

कोसबाडच्या मुलाला रान पाठ होते. कोणत्या झाडाचा डिंक चिकट, कोणते पान गुरे खात नाहीत, हे त्याला ठाऊक. त्याच्याकडे वस्तू होती आणि तिला वारली बोलीतले नावही होते. पुस्तकी मराठीतला शब्द तेवढा नव्हता. सातिवली-वसईच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाचे नेमके उलट आहे. त्याच्याकडे पुस्तकातला शब्द आहे, वस्तू नाही. त्याने ‘द्विदल’ लिहिलेले असते, पण भिजवलेल्या मुगाची साल काढून त्याची दोन दळे स्वतःच्या बोटांनी वेगळी केलेली नसतात. आणि गंमत अशी, की हाच शब्द त्याच्या आजीच्या तोंडी रोज असतो. कच्च्या दह्याबरोबर द्विदळ चालत नाही, असे ती स्वयंपाकघरात बजावते. ते द्विदळ आणि विज्ञानाच्या पुस्तकातले द्विदल हा मुळात एकच शब्द. द्वि म्हणजे दोन, दल म्हणजे पाकळी किंवा फाक. फरक एवढाच, की आजीचा नियम आहाराचा आहे आणि पुस्तकातला शब्द बीच्या रचनेचा. म्हणून तूर, मूग, हरभरा दोन्हीकडे आहेत. ज्वारी, बाजरी, मका ही मात्र एकदल. आजीचा डाळींचा डबा आणि नातवाचे पुस्तक शेजारीशेजारी ठेवले, तर दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखे काही सापडते.

पाठशाळेत जाणाऱ्या मुलांजवळ तर या कामाची मोठी पुंजी आधीच असते. एकेंद्रिय, द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय, पंचेंद्रिय ही मालिका ती घडाघडा म्हणतात. गुजराती घरांत बेइंद्रिय, तेइंद्रिय असेही म्हटले जाते. मुंगी कुठे, माशी कुठे, मनुष्य कुठे, हेही त्यांना माहीत असते. मात्र ‘एक’ला ‘इंद्रिय’ जोडताना ‘एकेंद्रिय’ का होते आणि ‘द्वि’ला जोडताना ‘द्वींद्रिय’ का, हे क्वचितच कोणी थांबून सांगते. अ आणि इ एकत्र आले की ए होतो, इ आणि इ एकत्र आल्या की दीर्घ ई. ‘चतुर्’मधल्या शेवटच्या र्-ला इ मिळाली की रि. पाचही शब्द आधीच तोंडपाठ असल्यामुळे संधीचा हा पाठ दहा मिनिटांत होतो, आणि व्याकरणाच्या पुस्तकातली नीरस उदाहरणे लागत नाहीत. एक काळजी घ्यावी. शाळेचे विज्ञान प्राण्यांची वाटणी वेगळ्या खुणांवर करते. तेथे पाठीचा कणा पाहतात, म्हणून पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय. कोणता शब्द कोणत्या मांडणीतला, हे मुलाला आरंभीच सांगितले म्हणजे उत्तरपत्रिकेत घोटाळा होत नाही.

याच संधीचा दुसरा प्रयोग गच्चीवरच्या कुंडीत होतो. जास्वंदीच्या पानांच्या एका झुबक्यावर, पाने न तोडता, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तिचे तोंड दोऱ्याने बांधावे आणि कुंडी उन्हात ठेवावी. काही तासांत पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब दिसू लागतात. झाडाने पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकले, ते बाष्पोत्सर्जन; बाष्प आणि उत्सर्जन, अ आणि उ मिळून ओ. ती वाफ पिशवीला लागून थेंब झाली, ते सांद्रीभवन. पाहून झाले की पिशवी काढून टाकावी, झाडाला त्रास नको. दोन अवघड शब्द एका सकाळी डोळ्यांसमोर घडले, की ते वहीत पाच वेळा लिहावे लागत नाहीत.

मराठीतले शास्त्रीय शब्द उगाच बोजड आहेत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणताना जीभ अडखळते, हे खरे. पण ‘फोटोसिंथेसिस’ तरी कुठे सोपा आहे? ग्रीक भाषेत फोटो म्हणजे प्रकाश आणि सिंथेसिस म्हणजे एकत्र जोडणे. प्रकाश आणि संश्लेषण, तोच घाट. ‘हिप्पोपोटॅमस’ हाही ग्रीक, त्यात घोडा आणि नदी. मराठीने त्याला पाणघोडा म्हटले. ‘अँफिबियन’मध्ये दोन्हीकडे जगणे आहे, आपल्या उभयचरात दोन्हीकडे वावरणे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी शब्द फोडता आला, तर त्याचा इंग्रजी शब्दही त्याच घावात फुटतो. तेव्हा मराठीच्या तासाला वेळ वाया जातो असे मानणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सगळेच शब्द संस्कृतातून घडलेले नसतात, आणि लहान मुलांना तर देशी शब्द अधिक लवकर आपलेसे वाटतात. पक्ष्यांची मराठी नावे पाहावीत. ठोक-ठोक असा एकसुरी आवाज काढणारा तो तांबट, जणू भांडे ठोकतो आहे. खोडावर चोच आपटणारा सुतार. पानांच्या कडा शिवून घरटे करणारा शिंपी. कावळ्याघारींना हुसकावून लावणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल. ज्या मुलाने सातिवलीच्या गाळ्यांत पत्रा ठोकण्याचा आवाज ऐकला आहे, त्याला तांबटाचे नाव का पडले हे समजावून सांगावे लागणार नाही. बाजारपेठ आणि रान एकाच शब्दकोशात इतके शेजारी बसलेले दुसरीकडे सहसा आढळत नाहीत.

हे सारे टिकवून ठेवण्याची एक रीत व्यापारी घरांना सहज जमेल. शब्दांची वही रोजमेळ आणि खतावणीप्रमाणे ठेवावी. दिवसभरात भेटलेला शब्द आधी तारखेसह रोजमेळात, आणि रविवारी तो योग्य खात्यात खतवायचा. ‘रान’ हे एक खाते: रानकोंबडा, रानडुक्कर, रानभाजी. ‘चर’ हे दुसरे: जलचर, निशाचर, उभयचर. ‘पाणी’ हा शब्द समासात शिरताना ‘पाण’ होतो, म्हणून ‘पाण’ हे तिसरे: पाणकोंबडी, पाणमांजर, पाणकणीस, पाणलोट. उन्हाळ्यात दुकानाबाहेर लावलेली पाणपोईही तेथेच जमा. शेजारी ‘पान’ हे खाते असेल, त्यात पानगळ आणि पानझडी. न आणि ण यांचा घोटाळा झाला, की पाण्याची रक्कम पानाच्या खात्यावर चढते. वसईच्या दलदलीच्या जागेला ‘पानथळ’ लिहिणारी मोठी माणसेही हीच चूक करतात. ती पाणथळ.

‘फूल’ हे खाते उघडले की शुद्धलेखनही ओघाने येते. एकटे फूल दीर्घ, पण फुले, फुलपाखरू, फुलदाणी हे सारे ऱ्हस्व. ‘मूळ’चेही तसेच, मुळे. ‘बीज’ मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून ते ‘बीजाला’मध्येही दीर्घच राहते.

शब्द गोळा करायला रानात खोल जाण्याची गरज नाही. चातुर्मासात हिरवळीवर पाय न ठेवण्याचा नियम पाळणाऱ्या घरांनी रस्त्याच्या कडेने चालावे, गळून पडलेली पाने-बियाच उचलाव्यात. मुंबई परिसरात रस्त्याकडेला सप्तपर्णी पुष्कळ ठिकाणी लावलेली आहे. तिच्या नावात सात पाने आहेत. मुलाने खाली उभे राहून एका पेरावरची पाने मोजावीत. कधी सात भरतात, कधी पाच, कधी सहा. मग नाव खोटे का, असा प्रश्न तो विचारेल. त्या दिवशी खतावणीत त्याची नोंद पेन्सिलने करावी.