होडीसाठी गाडी घेताना

मासेमारीची होडी धरणावर न्यायला जीप घ्यायचं घरात निघालंय? मग भगिनींनो, सडकेवरची ओढ पाहून पैसे मोजू नका. खरी परीक्षा धाम धरणाच्या काठावर! आपली वर्ध्याची काळी माती ओली झाली की लोणीच. नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडी होडी वर ओढताना जागीच गरगरते. चारही चाकांना जोर देणारी जीप हवी, नाहीतर सरळ ट्रॅक्टर. त्याची खाचांची मोठी चाकं चिखलात पकड घेतात. होडीबरोबर ट्रॉलीचं, ओल्या जाळ्यांचंही वजन धरा. उतारावर नुसत्या हॅण्डब्रेकवर विसंबू नका, चाकांमागे दगड लावा. मुलांना तर मागे फिरकूच देऊ नका! वर्षातून चारदाच न्यायची असेल, तर ट्रॅक्टर भाड्यानेच बरा. वाचल्या पैशांत नवी जाळी येतील.